थांबणारा वर्ग

मी बेतास बात शिक्षिका आहे, हे आधीच सांगून टाकते. वर्गात ओरडते, मग ओरडल्याचं वाईट वाटून सगळ्यांना चित्रं काढायला सांगते. फळ्यावर लिहायला लागले की माझी ओळ हळूहळू वर चढत जाते. पाढे म्हणवून घेताना मीच अडखळले तर खोकला आल्यासारखं करते. पोरांना मी आवडते आणि निकाल यथातथाच लागतो. अशा बाईच्या पोटी वाचता न येणारी मुलगी यावी, ही म्हणजे नशिबाने केलेली चेष्टाच होती.

माझ्या मुलीला आम्ही खारू म्हणतो. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून. पेन्सिलीचं टोक, फ्रॉकची नाडी, जे हाताला लागेल ते. दुसरी संपली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून उतरलीच. मग ती शेजारचं चित्र बघायची आणि आपल्या मनाने पुढचा मजकूर ठोकून द्यायची. तो पुस्तकातल्यापेक्षा चांगला असायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या मोरीतल्या नळात ढबोला नावाचा कोणीतरी राहतो, पाणी गेलं की तो पाय पसरून झोपतो आणि त्याच्या घोरण्याने नळ गुरगुरतो, असं तिचं म्हणणं होतं. नळाशी तोंड नेऊन ती त्याच्याशी तासन् तास पुटपुटत बसायची.

मी सगळं करून पाहिलं होतं. कार्डं केली, लाडीगोडी लावली, आमिषं दाखवली, एकदा तर पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. त्यात माझी धाकटी जाऊ. चार माणसांत म्हणाली, "वहिनी, तुम्ही शाळेतच असता ना हो? मग घरी वेळ मिळत नसेल." इतक्या गोड आवाजात म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून मी बदली मागून घेतली. या शाळेतल्या तिसरीच्या बाईंचं नाव सगळीकडे होतं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांच्या हाताखालून गेलेलं मूल वाचता येत नाही म्हणून कधी अडलेलं नाही, असं आमच्या खात्यात बोललं जायचं. मी कचेरीत खेटे घातले, ओळखी काढल्या, नको त्या माणसांना नमस्कार केले आणि बदलीचा हुकूम हातात घेऊन शाळेच्या दारात उभी राहिले. तेव्हा कळलं, की मोठ्या बाई सुटीतच गेल्या. घरी, झोपेत.

हेडसरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "त्यांचा वर्ग आता तुमच्याकडे," ते म्हणाले. "मुलगी तुमच्याच वर्गात बसली तर हरकत नाही ना?"

हरकत कसली? ज्यांच्यासाठी आले त्या बाई नव्हत्या, आणि त्यांच्या जागी मी होते. खारूच्या नशिबात पुन्हा मीच.

वर्ग लांबट होता. एका बाजूला खिडक्या, त्यातून मैदान दिसायचं. फळ्याच्या डावीकडे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, एक हातांची लाकडी खुर्ची होती. तिच्यावर मध्ये खोलगट झालेली उशी. शिपाईमामांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची आधीच आणून ठेवली होती, म्हणून मी तिच्यावर बसले. मुलं शांत होती. मला वाटलं, पहिला दिवस आहे, बुजली असतील. दोन दिवसांत डोक्यावर बसतील.

गुणाकार घेत होते. बोलता बोलता मी फळ्यावर लिहिलं, सात आठे चोपन्न. पाठीमागे एकच आवाज झाला. सगळ्या वर्गाने पेन्सिली एकदम बाकांवर ठेवल्याचा.

वळून पाहिलं तर मुलं हाताची घडी घालून बसली होती. कोणी हसत नव्हतं, कोणी हात वर केला नव्हता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. सगळी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत होती. एकटी खारू काय चाललंय ते न कळून इकडेतिकडे मान वळवत होती.

"काय झालं?" मी विचारलं. उत्तर नाही. मी परत विचारलं, जरा चढ्या आवाजात. तरी नाही. बाहेर मैदानावर चौथीचा खेळ चालला होता, त्याचा गलका येत होता, आणि माझ्या वर्गात फक्त श्वास ऐकू येत होते. शेवटी मी फळ्याकडे पाहिलं, चूक दिसली, जीभ चावली, खोडून छप्पन्न केलं. पेन्सिली उचलल्या गेल्या. मुलं पुढचं लिहायला लागली.

मधल्या सुटीत मी हे हसत हसत सांगितलं. चौथीच्या बाई शाळेतल्या जुन्या, डबा उघडता उघडता म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान. तो वर्ग आपोआप चालतो. मोठ्या बाईंनी जन्मात कधी मुलावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. चुकलं असं म्हणायच्यासुद्धा नाहीत. नुसत्या थांबायच्या. त्यांच्याबरोबर सगळा वर्ग थांबायचा, उत्तर येईपर्यंत."

"आणि नाहीच आलं तर?"

"येतंच हो. जाणार कुठे? 'माहीत नाही' म्हणायची सोयच नव्हती तिथे."

"पण ही मुलं तर नवीन ना? यांना त्यांनी कधी शिकवलं?"

चौथीच्या बाईंचा हात डब्यावर थांबला. "दुसरीतच असताना बसवून घ्यायच्या, महिना-दोन महिने, सवय व्हावी म्हणून," त्या म्हणाल्या. मग झाकण लावून टाकलं. "सवय लागली असेल."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आयती शिस्त मिळाली होती.

खारूची पाळी आली ती त्याच आठवड्यात. वाचनाचा तास होता. मी तिला मुद्दामच वगळणार होते, पण मुलं एकापाठोपाठ एक आपणहून उठत होती आणि तिच्याआधीचा मुलगा बसल्यावर तीही उठली. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीत 'स्वच्छ' आलं. खारूने चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "...अंगण गुळगुळीत होतं."

पेन्सिली खाली गेल्या.

मी लगेच म्हणायला गेले, "स्व..." आणि पुढचं अक्षर तोंडातून निघेना. कोणी मला अडवलं नव्हतं. फक्त पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने आपली मान त्या खुर्चीकडून माझ्याकडे वळवली होती, आणि ते बघून मी गप्प बसले. एवढंच झालं. इतकी वर्षं पोरांवर ओरडत आलेली मी, एका चष्मेवालीने बघितलं म्हणून गप्प बसले.

खारू उभी होती. तास संपला. मधल्या सुटीची घंटा झाली, कोणी उठलं नाही. बाहेर सगळी शाळा डबे खात होती. खारूच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. आई म्हणून पाहिलं, सांग ना म्हणून पाहिलं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, एवढे सगळे उपाय केले, हाही करून बघू.

मग तिची मान हळूहळू वळली. बाकीच्यांसारखीच, कोपऱ्याकडे. तिथे तिने काय पाहिलं ते मला ठाऊक नाही. तिचे डोळे कोरडे झाले. ती म्हणाली, "अंगण स्वच्छ होतं." आणि न अडखळता पान संपवलं, पुढचंही पान वाचलं.

मी शाळेच्या मोरीत जाऊन रडले. आनंदाने रडले. जावेच्या तोंडावर आता ही मुलगी उभी करायची, हाही विचार त्या रडण्यात होता.

माझ्या नवऱ्याचं पंखे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी तो घरी आल्या आल्या मी खारूला पुस्तक घेऊन बसवलं. तिने वाचलं. तो ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "छान. पण असं कोण वाचतं गं आपल्याकडे?"

"असं म्हणजे?"

"वाक्याआधी एक श्वास घेते. शेवटचा शब्द जरा खाली सोडते. म्हाताऱ्या माणसासारखं."

"मुलगी वाचायला लागली, आणि तुम्हाला त्यातही खोट काढायची असते," मी म्हणाले. तो विषय तिथेच संपला. पण पुढच्या आठवड्यात चौथीच्या बाई आमच्या वर्गावरून चालल्या होत्या आणि दारात खिळून उभ्या राहिल्या. खारू वाचत होती. बाईंनी पदर तोंडाला लावला. नंतर मला म्हणाल्या, "डोळे मिटून ऐकलं असतं तर मोठ्या बाईच म्हटलं असतं. तो श्वास, ते खाली सोडणं. तुमच्या मुलीने त्यांना कधी ऐकलं होतं का?"

नव्हतं. आम्ही या शाळेत आलो तेव्हा बाई गेलेल्या होत्या.

आता अंगावर काटा आला असेल असं तुम्हाला वाटेल. आला. पण दुसऱ्याच दिवशी तपासायला घेतलेल्या चाचणीत खारूला पैकीच्या पैकी पडले होते, आणि तो काटा मी गिळून टाकला.

घरात फरक पडायला लागला. खारू कुरतडेनाशी झाली. पेन्सिली टोकदार, एका रांगेत. पुटपुट बंद. जेवताना पाय हलवायची ते बंद. माझी आई असती तर म्हणाली असती, मुलगी मार्गाला लागली.

नवऱ्याला थापा मारायची जुनी खोड आहे. एकदा म्हणे त्याने चालत्या पंख्यात बोट घातलं आणि पंखाच घाबरून बंद पडला. ही थाप खारूने शंभर वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी ती हसून ताटावर लवंडायची. त्या दिवशी जेवताना त्याने ती परत काढली. खारूने हातातला घास ताटात ठेवला. हाताची घडी घातली. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बघायला लागली, जिथे रिकामा डबा आणि केरसुणी असते.

"काय गं?" तो हसत म्हणाला. "पुढं ऐक ना. तर पंखा मला म्हणतो..."

ती बघत राहिली. तो आणखी जरा हसला, मग हसू ओसरलं. भात गार झाला. मी म्हणाले, "खारू, जेव." तिने मानही वळवली नाही. शेवटी नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "बरं, खोटं आहे ते. मी कधी पंख्यात बोट घातलं नाही."

तिने घास उचलला.

तेव्हापासून आमच्या घरात गप्पा संपल्या. पाऊस येईल असं वाटतंय, असं म्हणायचीही भीती वाटे. नाही आला तर? नवरा दुकानातून उशिरा यायला लागला. मीही बोलण्याआधी शब्द पारखून घ्यायला लागले. सगळं घर बरोबर बोलत होतं आणि कोणाला कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

एका दुपारी पाणी गेलं आणि नळ गुरगुरला. मला एकदम हुरूप आला. म्हटलं, "खारू, ऐक, ढबोला घोरतोय!"

ती वहीतून मान न काढता म्हणाली, "असा कोणी नसतो. नळात हवा शिरते, बाई."

घरी ती मला आई म्हणायची. बाई फक्त शाळेत. मी वाट पाहिली, आता जीभ चावेल, हसेल. ती पुढचं लिहीत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी घाबरले. माझी मुलगी वाचायला शिकली होती, आणि वाचणारी ती मुलगी माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शिपाईमामांना ती खुर्ची अडगळीच्या खोलीत नेऊन टाकायला सांगितली. मामांनी नेली. मी वर्गात गेले, मुद्दाम एक बेरीज चुकवली. पेन्सिली खाली गेल्या. सगळी मुलं त्याच कोपऱ्याकडे बघायला लागली. आता तिथे नुसती फरशी होती, खुर्चीच्या पायांचे डाग होते, आणि मुलांची नजर फरशीवर नव्हती. ती बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होती.

खारूला घरी ठेवून पाहिलं. ती गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी बसली. खाल्लं नाही, बोलली नाही. बंद दाराकडे बघत बसली, मी कडी काढेपर्यंत.

मग मी हेडसरांकडे गेले. म्हणाले, "माझ्या मुलीला दुसऱ्या तुकडीत टाका."

"तपासणी तोंडावर आलीये, आणि तुम्ही हे काय काढलंत?" ते म्हणाले. "मी तुमच्याच मुलीला वाचायला उभी करणार आहे. आणि काय हो, लोक मुलांना या वर्गात घालायला माझे पाय धरतात."

"सर, त्या वर्गात मुलं नाहीत हो."

"मग कोण आहे?" त्यांनी विचारलं. ते चेष्टेने हसले, आणि मला जाणवलं की ते खिडकीबाहेर बघत होते, आमच्या वर्गाकडे मात्र बघत नव्हते. ते कधीच आमच्या वर्गात यायचे नाहीत. दारातूनच बोलून जायचे.

तपासणीच्या दिवशी मात्र त्यांना आत यावं लागलं. साहेब हसतमुख होते, पोट सुटलेले, मुलांच्या डोक्यावर टपल्या मारत चालणारे. त्यांनी पाढे विचारले, उत्तरं आली. नकाशा विचारला, उत्तरं आली. त्यांनी मुद्दाम चौथीचं पुस्तक मागवलं आणि खारूच्या हातात दिलं. तिने श्वास घेतला आणि वाचलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेडसर फुलून गेले.

"वा!" साहेब म्हणाले. "काय हुशार मुलगी. आता एकच सांग हं बेटा. मोठी झाल्यावर तू कोण होणार?"

साधा प्रश्न. प्रत्येक साहेब प्रत्येक शाळेत विचारतो तो.

खारूने तोंड उघडलं आणि मिटलं. आणि सगळ्या वर्गाने पेन्सिली खाली ठेवल्या.

साहेबांना आधी मजा वाटली. "लाजली वाटतं," ते म्हणाले. हेडसर तिच्यामागून कुजबुजले, "डॉक्टर म्हण गं, डॉक्टर." वर्ग थांबला होता. डॉक्टर हे उत्तर नव्हतं. कुठलंच उत्तर नव्हतं, कारण खारूला ते अजून ठाऊकच नव्हतं, आठ वर्षांच्या पोरीला कुठून असणार? खारू कोपऱ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ भराभरा हलत होते, आवाज न होता, एकेक शब्द घेऊन बघावा आणि टाकून द्यावा तसे. घंटा झाली. बाहेर शाळा सुटली. साहेब घड्याळाकडे, मग दाराकडे बघायला लागले, पण उठून जायचा धीर त्यांनाही होत नव्हता. खारूच्या ओठांचा रंग गेला होता.

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "माहीत नाही म्हण. राणी, नुसतं माहीत नाही म्हण आणि चल घरी."

तिने माझ्यामधून आरपार पाहिलं. "ते उत्तर नाही, बाई."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठले आणि सरळ त्या कोपऱ्यात गेले. जिथे खुर्ची असायची तिथे, मुलांची नजर जिथे पडत होती तिथे जाऊन उभी राहिले. गार वाटलं नाही, काही दिसलं नाही. फक्त तिथून वर्ग फार सुंदर दिसत होता, हे कबूल करायला हवं. इतकी तोंडं, सगळी आपल्याकडे वळलेली, सगळी आपल्यासाठी थांबलेली. मला आयुष्यात कुठल्या वर्गाने असं पाहिलं नव्हतं. क्षणभर वाटलं, असंच राहावं.

मग मी म्हणाले, "मला माहीत नाही." मोठ्यांदा म्हणाले. "मोठी झाल्यावर ती कोण होणार, मला माहीत नाही. मी कोण होणार होते तेही मला माहीत नव्हतं. या वर्गातल्या कोणालाच माहीत नाही."

कोणी हललं नाही. त्या शांततेत मला वाटलं, हरले. मग मागच्या बाकावरचा एक जाडा मुलगा ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याच्या शेजारचीने कंपास खाली पाडली. कोणीतरी "मला शू लागलीये" म्हणालं, आणि त्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता वर्गात असा काही गोंधळ माजला की साहेबांनी कानांवर हात ठेवले. खारू बाकांवरून उड्या मारत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून ओरडली, "आई, घरी जाऊ या!"

शेरा वाईट आला. हेडसर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझा वर्ग शाळेतला सगळ्यांत गोंगाटाचा वर्ग झाला. सात आठे किती याची चार-पाच उत्तरं यायची, आणि पालक दारात येऊन विचारायचे, की असं एकाएकी काय झालं. मी म्हणायचे, "मुलं आहेत, चुकणारच." असं म्हणताना मला केवढा अभिमान वाटायचा!

खारूचं वाचन पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पण ती हसायला लागली, कुरतडायला लागली, बापाच्या थापांवर ताटावर लवंडायला लागली. जावेचा फोन आला तेव्हा मी तिला ठणकावून सांगितलं, की वाचेल माझी मुलगी, तिला वाटेल तेव्हा वाचेल. आम्ही तिघं सुखात होतो. हे मी मनापासून सांगतेय.

काल संध्याकाळी नवरा भाज्या चिरत होता आणि मी खारूला मांडीशी घेऊन, ओळींखालून पेन्सिल फिरवत वाचायला बसले होते. घाई कसलीच नव्हती. ती ऐटीत वाचत होती, निम्मं पुस्तकातलं, निम्मं मनचं. एका ओळीत 'प्रत्येक' आलं. ती अडखळली. "प... पत..." म्हणाली आणि हसून माझ्याकडे बघितलं. नेहमी मी शब्द सांगते. सांगितला की ती पुढे जाते.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांग ना, आई."

शब्द माझ्या जिभेवर होता. माझ्या हातातली पेन्सिल मी खाली ठेवलेली होती. कधी ठेवली ते मला आठवत नाही. चिरणं थांबवून नवरा म्हणाला, "अगं, सांग की तिला." मला त्याचा आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट ऐकू आला.

खारूचं हसू हळूहळू गेलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळलं, हनुवटी थरथरायला लागली. मला तिला उचलून घ्यायचं होतं. तिचे पापे घ्यायचे होते, शब्द सांगून टाकायचा होता, देवाशपथ.

पण येईल तिला. थोडं थांबलं की येतंच.